कालिकतच्या पारड्यात बसलो तेव्हा

केळी ठेवलेल्या खोलीत आंबे ठेवू नयेत, हे जळगावकडच्या आमच्या सावद्यात शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आंबा पिकायला लागला की त्याच्या वाफेने शेजारच्या हिरव्यागार केळीलाही घाई सुटते. मी तर केळीतच जन्मलो आणि केळीतच टक्कल पाडून घेतलं. तरीही या मे महिन्यात, देवाला न्यायची केळी मी नेमकी त्या खोलीत रचली जिथे आंब्यांची आढी घातलेली होती. वर आणखी शहाणपण म्हणून, वाटेत खायला आंब्यांची एक पिशवी खोक्यांना खेटून बांधली आणि ऊन लागू नये म्हणून सगळ्यावर ताडपत्री घट्ट आवळली. भुसावळहून गाडी सुटली तेव्हा डब्यात मंद गोड वास येत होता. बायको म्हणाली, आंबे चांगले निघाले वाटतं. मीही कौतुकाने मान हलवली.

कोझिकोडला, म्हणजे आपण शाळेत ज्याला कालिकत म्हणून पाठ केलं त्या गावी, आम्ही उतरलो आणि धर्मशाळेत खोकी उघडली. केळी नुसती पिकली नव्हती, ती फुटली होती. फण्या देठापासून गळून एकमेकींत बसल्या होत्या. मी ताडपत्रीची दोरी हातात धरून उभा होतो. बायको खाली बसली आणि एकेक फणी उचलून बघू लागली, एखादी तरी धड निघते का म्हणून.

ती केळी कशासाठी होती, ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी माझ्या छातीत कळ आली आणि मला जळगावला दवाखान्यात नेलं. काचेच्या त्या खोलीत मी बरेच दिवस होतो म्हणतात. मला त्यातलं फारसं आठवत नाही. बाहेर बाकावर बायको बसून असायची. तिथली एक नर्स कोझिकोडची होती. तिनेच हिला सांगितलं की आमच्या गावी कृष्णाच्या देवळात माणसाची तुला करतात. माणूस एका पारड्यात आणि दुसऱ्यात केळी. केळी हा शब्द ऐकल्यावर सावद्याची बाई थांबते होय? तिने तिथल्या तिथे बोलून टाकलं की हे पायावर उभे राहिले तर आपल्या बागेतल्या केळीने यांची तुला करीन, आणि ती होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

नवसाचं मला नंतर कळलं, तेव्हा मी हसलो होतो. देवाधर्माचं मी कधी फार मनावर घेतलं नाही. देवळात गेलो तर बाहेर चपला सांभाळायचं काम माझं. पण पहिल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला नाही म्हटलं, आणि त्याच सुमारास वादळाने उभी बाग झोपवली. पुन्हा लावलेली केळी या वर्षी आली. तोवर ही अनवाणीच. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. त्यात तिला साखरेचा त्रास. या चैत्रात तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला चप्पल घालायला लावा, नाहीतर आज अंगठा कापायची भीती आहे ती उद्या पावलावर जाईल. मी तिला हात जोडले, मुलीने फोनवर रडून घेतलं. ती म्हणाली, तुला झाली की घालीन.

बागेतला बाकीचा माल कापून गाड्यांत गेला होता. हे थोडे घड तेवढे तिने मागे ठेवायला लावले होते. ते आता माझ्या शहाणपणाने धर्मशाळेच्या फरशीवर वाहत होते. पुढचे घड यायचे म्हणजे पुढचं वर्ष. मी हिशेब करत होतो तो फळांचा नव्हता, तिच्या पावलाचा होता.

देवळात जाऊन विचारलं. तिथले लोक फार चांगले. म्हणाले, काळजी कसली, तुलेची केळी देवळातच मिळतात, बहुतेक सगळे इथलीच घेतात. माझा जीव भांड्यात पडला. मी वळून बायकोकडे पाहिलं. ती नाही म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, "मी आपल्या बागेतली बोलली होती. देवाले एक बोलायचं अन् दुसरं द्यायचं, असं मले नही जमत." मग पुढच्या वर्षी येऊ, म्हणाली, आणि लंगडत देवळाबाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. पायाची पट्टी धुळीने काळी झाली होती.

मी त्या पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि, खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा काहीच करायचं सुचेना. मी तसा सुचणारा माणूस. लग्नात आचारी पळाला तरी मला सुचतं. समोर समुद्राकडे जाणारा रस्ता होता, जुन्या वखारींची कौलं दिसत होती, मिरीचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. मी मनातल्या मनात म्हणालो, बाबा, हिने तुला शब्द दिला, तो मी नासवला. आता तुझं तू बघ. याला प्रार्थना म्हणत असतील तर ती माझी पहिली. सूर मात्र मुनिमाला झापताना असतो तसाच लागला होता.

त्याच पायरीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ मुंडू, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसून गुडघा चोळत बसले होते. आमचं मराठी ऐकून त्यांनी मान वळवली. मुंबईच्या गोदीत त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हिंदीत मराठी मिसळून बोलत होते. कुठून आलात, विचारलं. मी सावदा म्हणालो. त्यांना कळलं नाही. मग जळगाव म्हणालो. ते एकदम हसायला लागले. मला वाटलं, खोक्यांची बातमी इथवर पोचली की काय.

"जळगाव?" ते म्हणाले. "अरे, माझी केळी जळगावची आहे."

निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी परसात केळी लावली होती. गावातल्या शेती खात्याच्या माणसाने त्यांना रोपं आणून दिली, ती जळगावहून आलेली. आमच्याकडून अशी रोपं देशभर जातात, हे मला माहीत आहे. त्यात नवल काही नाही. नवल असेल तर एवढंच, की तो माणूस त्या वेळी त्या पायरीवर गुडघा चोळत बसला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं, आंब्यांसकट. ते उठलेच. त्यांचं घर जवळ होतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात, नारळांच्या मधल्या जागेत केळी उभी होती आणि ओसरीच्या आढ्याला सकाळीच कापलेले मोठे घड टांगलेले होते. मला कुणी सांगायची गरज नव्हती. फण्यांची ठेवण, केळ्याचा बाक, देठाचा रंग. परक्या गावात आपल्या भावकीतला माणूस दिसावा तसं झालं. म्हातारबाबा म्हणाले, सगळे घेऊन जा, मी तरी कुणाला वाटणारच होतो.

मी बायकोकडे बघायची हिंमत करत नव्हतो. ती खोडापाशी गेली, त्यावर हात ठेवून उभी राहिली. मला खात्री होती की ही पुन्हा नाही म्हणणार. रोप जळगावचं असलं तरी बाग आपली कुठे? मग तिने त्यांना विचारलं, तुमचा गुडघा असा, तर यायले पाणी कोण घालते? ते म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून शेजारच्या बायका घालतात, सगळी आळी घालते.

तिने खोडावरचा हात काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात पडेल होते, तवा आपल्या बागेले पाणी कोनं देलं? आपून होतो का तिथी? बठ्ठ्या गल्लीनं देलं. मंग ते घड तरी आपले एकट्याचे कुठी होते?" आणि पदर खोचून म्हणाली, "घ्या, उचला."

मी निघताना त्या म्हाताऱ्यांच्या हातात आंब्यांची पिशवी ठेवली. ती घरात ठेवू नका, केळी पिकतील, असंही सांगितलं. ते पुन्हा हसले.

देवळात पुरुषाला अंगातला सदरा काढावा लागतो. माझं पोट आणि छातीवरचा टाक्यांचा लांब व्रण, दोन्ही एकदम लोकांसमोर आले. पोटाचीच लाज जास्त वाटली. नेसवलेला मुंडू एका हाताने धरून मी पारड्यात मांडी घालून बसलो. समोरच्या पारड्यात घड ठेवू लागले. एक, दुसरा, मी जागचा हललो नाही. पुजाऱ्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. बायकोने डोळे मिटले होते. ओठ हलत होते.

पारड्यात बसलं की माणसाला करण्यासारखं काही उरत नाही, हे मला तिथे कळलं. जड व्हायचं म्हणून जड होता येत नाही, हलकं व्हायचं म्हणून हलकं होता येत नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि बसायचं. काचेच्या खोलीत मी असाच पडलो असेन. तेव्हा भान नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती. आता भान होतं आणि तरीही भीती वाटत नव्हती. शेवटचा घड ठेवला, वर एक फणी ठेवली, आणि माझं पारडं जमिनीवरून सुटलं. फार नाही, बोटभर. पण सुटलं. ज्याच्या आधाराने आपण उभे आहोत असं समजतो त्याहून वेगळंच काहीतरी आपल्याला धरून असतं, एवढंच मला त्या बोटभर उंचीवरून दिसलं. ते काय आहे ते मी सांगू शकत नाही. वाद घालायचा असेल त्याने जरूर घालावा. मी सदरा शोधायला निघून जाईन.

देवळाबाहेरच्या दुकानातून मी चपला घेतल्या. नक्षीच्या नकोत, मऊ द्या, असं तिनेच खुणांनी समजावलं. मी वाकून तिच्या पायात घालू लागलो तर चारचौघांत हे काय म्हणून तिने मला ढकललं. त्या घालून ती उभी राहिली तेव्हा पाऊल कसं टाकायचं ते विसरल्यासारखी दोन क्षण तशीच थांबली. नर्सच्या गावात येऊन तिला फोन न करणं बरं नव्हे, म्हणून तिला फोन लावला. ती तिकडे जळगावात ड्यूटीवर होती. दोघी बोलत राहिल्या, दोघी रडल्या, मी मिरीच्या दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहिलो.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. घरी परतल्यावर तिची जखम हळूहळू भरत आली, डॉक्टरांनी अंगठ्याचं नाव काढणं बंद केलं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर अख्खं गाव लोटलं होतं आणि सगळ्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. भिजलेल्या वाळूत चपला घालून चालणारी बाई एकच होती. लोक बघत होते. मी म्हटलं, अगं काढ, खाऱ्या पाण्याने खराब होतील, समुद्रावर कोणी चपला घालतं का?

ती चालतच राहिली. लाट पायाशी आली तेव्हा लुगडं जरासं उचललं आणि म्हणाली, "मी नही काढत. दीड वरीस तुमच्यासाठी काढल्या, तेवढं पुरे झालं. आता समुद्राले सांगा, बेतानं ये म्हना."