पान्याला इचारा

त्याला प्यायला पाणी दिलं की अर्धं तो प्यायचा आणि अर्धं तुमच्या टेबलावर ओतायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा नव्याकोऱ्या जेवणाच्या टेबलावर त्याने हेच केलं. पाणी हळूहळू माझ्या बायकोच्या बाजूला वाहत गेलं. "टेबलाचा एक पाय आखूड हाय, मास्तर," तो म्हणाला. बायको फडकं शोधत होती. मी म्हटलं, "अरे, नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"मी कोन सांगनारा? पान्याला इचारायचं."

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, आमच्या इमारतीच्या मागेच त्याचं घर. जातीचा कोळी, होड्या बांधणारा सुतार. होड्यांची कामं आटली तशी आमच्यासारख्यांची कपाटं आणि देव्हारे करू लागला. कपाट कितीही देखणं झालं तरी त्याला त्याचं कौतुक नसे. "याला कुठं पान्यात जायचंय?" म्हणायचा आणि हत्यारं गोळा करायचा.

साठी उलटल्यावर शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडून त्याने शाळेची एक जुनी बस आणली. बाकं काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, असं फिरतं घर तयार केलं. छताची मात्र गंजून चाळण झालेली. दुसऱ्या कुणी नवा पत्रा ठोकला असता. याने फळ्या बसवल्या, सांध्यांत कापसाचा पीळ ठोकून भरला आणि वर राळ फासली. अख्खी गल्ली हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

"अरे, ही तर होडी उलटी करून चाकांवर ठेवलीस."

"मंग? पाऊस वरनंच येतो ना?"

राळ फासता फासताच त्याने मला खरी गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या वर्षी तो कच्छमधल्या मांडवी बंदरात जहाजं बांधायला गेलेला. तिथे जहाज समुद्रात सोडण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरून बघत. याने भरलेल्या सांध्यातून धार लागली. तिथल्या मुख्य सुताराने, उस्तादाने, सगळ्यांदेखत त्या धारेखाली हात धरला आणि तो ओला हात याच्या तोंडावर पुसला. त्याच दिवशी हा कुणालाही न सांगता घरी पळून आला. पंचेचाळीस वर्षं झाली, पण सांगताना त्याने गाल पुसला.

"उस्ताद हाय अजून. चौकशी केलेली मी. आता त्यानं हात लावून बघायचा. मंग मी सुटलो."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. तो, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, आणि मी. माझ्या बायकोने त्या उलट्या होडीत बसायला साफ नकार दिला. वहिनीने वाटेत एका ढाब्यामागे सुके बोंबील भाजले, तेव्हा मालकाने हात जोडून गाडी पुढे न्यायला सांगितली. एवढं एक सोडलं तर प्रवास सुखाचा झाला.

तिसऱ्या दिवशी मांडवी आली. तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे. नदीकाठी ओळीने उभी अर्धवट जहाजं, तीन मजली घरांएवढी, आणि पलीकडे निळाशार समुद्र. मी बघतच राहिलो. हा मात्र स्टिअरिंग सोडायला तयार नव्हता. शेवटी वहिनीने दार उघडून त्याला खाली उतरवलं.

उस्ताद नव्वदीला टेकलेला, डोळे अधू. याने गाव सांगताच म्हातारा म्हणाला, "वो कोली? जो बिना छुट्टी के भाग गया?"

याने मान खाली घातली. मग उस्तादाने फळ्यांच्या छताबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि तो एकच शब्द बोलला, "पानी."

उस्ताद बसमध्ये चढला आणि उभ्यानेच पंजा त्याने छताच्या सांध्याखाली धरला. शिडीवरून एका कामगाराने बादल्या ओतायला सुरुवात केली. हा बाहेरच. "मास्तर, तुमी बघा. माझ्याच्यानं नाय बघवत." एक बादली झाली, दोन झाल्या. म्हातारा पंजा सरकवत सांधान्‌सांधा चाचपत होता. सातव्या बादलीनंतर तो उतरला, चाचपडत याच्यापाशी गेला आणि तोच हात याच्या तोंडावरून फिरवला.

"सूखा है," उस्ताद म्हणाला. "जा. अब छुट्टी."

याच्या गालावर हात कोरडा गेला होता, ओला होऊन परत आला. सांगायला लाज कसली, वर्गातली पोरं पहिली आली तेव्हाही माझी छाती इतकी फुगली नव्हती.

परतल्यावर त्याने माझ्या टेबलाचा आखूड पाय आपण होऊन नीट केला. दोन वर्षांपूर्वी, खाडीवरून येऊन दुपारी जरा आडवा झाला, तो उठला नाही.

गाडी अजून आमच्या इमारतीमागे उभी आहे. दर वैशाखात, पावसाआधी, वहिनी मला हाक मारते. ती आत जाऊन बसते आणि मी या वयात शिडी चढतो. यंदा मला धास्ती होती. लाकूड उन्हाने सुकतं, सांधे उघडतात, आणि आता भरणारा हात नाही. मी पहिली बादली ओतली. मग वाकून फळ्यांना कान लावला.

"वहिनी?"

"सुकी हाय, मास्तर!" आतून आवाज आला. "थांबलात कशाला? सात वतायच्यात."