भीमिलीच्या रस्त्यावरचं दही

शकुन-संकेत, आत्मे वगैरे मी कधीच मानले नाहीत. हिशेबतपासणीत आयुष्य गेलं. जुळत नाही ते पुन्हा तपासायचं, एवढंच मला येतं. हे मात्र तपासूनही जुळलं नाही... म्हणून लिहितोय.

आम्ही हैदराबादला, मलकपेठेत राहतो. बायको वारल्यापासून घरात मी आणि मुलगी गौरी, दोघंच. गेल्या उन्हाळ्यात तिला विशाखापट्टणच्या युनिव्हर्सिटीत सीट मिळाली. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास — लहानपणापासूनचं वेड. फी भरायला आम्ही दोघं तिकडे गेलो, पण आदल्या दिवशी ती म्हणाली, "नक्को बाबा. तुम्ही एकटे काय खाणार? आपल्या हैदराबादचंच कॉलेज बघते." मलाही तेच हवं होतं.

आलोच आहोत तर फिरू, म्हणून बसने जवळच्या भीमिली गावी गेलो. डच लोकांची जुनी थडगी, कोळ्यांच्या होड्या, पुढे नुसती ताडाची झाडं. रस्त्याकडेच्या एका घरी ताक विकत होते, तिथे टेकलो. घरातल्या सुनेने गौरीची चौकशी केली. बाजेवर तिची सासू होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मुलगी शिकायला आलीय कळल्यावर तिने दही मागवलं. निघताना हातावर दही द्यायची रीत तिकडेही आहे.

गौरीने उजवा हात पुढे केला. म्हातारीने तो चाचपला, बाजूला सारला आणि डावा ओढून घेतला.

"अत्तम्मा, तो डावा आहे," सून सासूला तेलुगूत म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

म्हातारी साखर नको म्हणाली. दह्यावर चिमूटभर मीठ टाकलं. "वेळ्ळि रा, अम्मा." जाऊन ये, बाळ.

गौरी डावखुरी. परीक्षेला निघताना तिची आई दही डाव्या हातावरच द्यायची, मीठ घालून. माझी आई चिडायची, तर ही म्हणायची, "पेपर जो हात लिहितो, त्यालाच देते."

सून ओशाळून म्हणाली, "आम्ही डाव्या हातावर काही दिलं, तर सासूबाईच ओरडतात."

परतीच्या बसमध्ये गौरी म्हणाली, "बाबा, मी राहते इथे."

"हौ. राहा."

"आणि जेवण?"

"कुकर लावेन."

"तुम्हाला कुठे येतो?"

"शिकेन की."

ती हसली, मग खिडकीकडे तोंड करून रडली. मीही.

म्हातारीला दिसत नव्हतं. गौरी डावखुरी आहे हे आमच्या बोलण्यात आलं नव्हतं, मिठाचं तर नाहीच. योगायोग असू शकतो. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. परवा फोनवर गौरीने विचारलं, "काय असेल हो ते, बाबा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हे उत्तर देताना आयुष्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.