फाउस्तिनाबाईंची सही

बोहोल बेटावर जपानी उतरले, तेव्हा त्यांचं चलन नको म्हणून आमच्या शाळेच्या फाउस्तिनाबाई डोंगरात बसून गावासाठी नोटा छापू लागल्या. कागद वह्यांचा, ठसा लाकडी आणि प्रत्येक नोटेवर बाईंची सही. अशी नोट ज्याच्याकडे सापडे, त्याची मान जपानी उडवत. तरी लोक ती तांदळाच्या मडक्यात लपवून ठेवत.

एकदा सोतेरो कोळी धापा टाकत आला. "बाई, त्यांना नोट सापडली! सहीवरून तुम्हालाच शोधतायत. पळा!"

बाईंनी मान वर केली नाही. "गावानं जिवावर उदार होऊन माझी सही जपलीय. मीच पळाले, तर उद्या या कागदावर मासळी देशील का रे?"

सोतेरोनं मासळीची टोपली उतरवली. बाईंनी ओल्या शाईची नोट पुढे केली.

"दोन बांगडे. मोठे दे."