कागदावरच्या बाईचं जेवण

डॉक्टरकीतून निवृत्त झाले तरी बडोद्यातलं एक मेडिकल कॉलेज मला परीक्षक म्हणून बोलावतं. मुलं आजार ओळखतात का, यापेक्षा विचार कसा करतात, हे तिथं पाहायचं. त्यासाठी मी कागदावर एक रुग्ण तयार केली. सदुसष्ट वर्षांची बाई, थकवा, पायांना मुंग्या, विसरभोळेपणा. फार डोकं चालवावं लागलं नाही, सगळं माझंच होतं. मी ते वयावर ढकललं होतं. परीक्षेपुरतं उत्तर ठरवलं, थायरॉइड.

मुलांनी प्रश्न विचारायचे, मी ती बाई होऊन उत्तरं द्यायची. शेजारी दुसरे परीक्षक, माझे जुने सहकारी. बहुतेकांनी पाठ केलेले प्रश्न विचारून थायरॉइड गाठलं. मग जवळच्या पादरा गावची एक मुलगी आली. खुर्ची जवळ ओढून, घरच्या आजीला विचारावं तसं गुजरातीत म्हणाली, "बा, घरी कोण कोण आहे?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं.

"एकटीच."

"मग जेवणाचं काय करता?"

"सकाळी काळा चहा, खारी. संध्याकाळी वाटलं तर खिचडी."

"दूध, दही?"

"दुधाची थैली एकटीला संपत नाही, नासते. आता आणतच नाही. मांस-अंडी तर कधीच नाहीत."

बोलून गेले. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

ती सहकाऱ्यांकडे वळून म्हणाली, "थायरॉइड बघूच, पण आधी बी-ट्वेल्व्ह. शाकाहारी, त्यात दूधही बंद. आणि यांच्याबरोबर जेवायला कुणीतरी हवं."

ती गेल्यावर सहकारी हसले. "बेन, उत्तर चुकलं. आणि हे शेवटचं कसलं औषध?"

"विचार कुठं चुकला, दाखवा," मी म्हटलं. बरीच हुज्जत झाली. शेवटी त्यांनी मान्य केलं, ती पास झाली.

सोमवारी रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये जाऊन रक्त तपासायला दिलं. थायरॉइड ठीक होतं, बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू झाली, हळूहळू मुंग्या कमी झाल्या. त्या मुलीला कळवावंसं वाटलं, पण तिचा फक्त परीक्षेचा नंबर माझ्याकडे होता.

महिन्याभरानं त्याच सहकाऱ्यांचा फोन आला. तब्येतीचं सांगितलं, तर म्हणाले, "अरे वा, कुणी पकडलं?"

"मीच," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं, तर त्या दिवशी मी अभिनय करत नव्हते, हेही सांगावं लागलं असतं.