निष्कर्ष बाबांचा

वाद घालण्यात मी घरात कुणाला हार जायची नाही. पन्नासच्या दशकात सातासमुद्रापलीकडच्या आमच्या बेटावर, मोंतान्य ब्लांश गावात, शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे डोक्यात हवाही होती. मला शिक्षिका व्हायचं होतं. प्रशिक्षण शहरात, बो बासेंला, राहायला तिथे आत्या. अडलं होतं ते फक्त बाबांच्या होकारावर.

गणपतीच्या दिवशी आरती झाली, सगळे नातेवाईक चटईवर प्रसाद खात बसले. म्हटलं, हीच वेळ. उभी राहून मी धडाधडा मुद्दे मांडले: गावातल्या संध्याकाळच्या मराठी वर्गात मुली याव्यात असं बाबाच म्हणतात. शिकवायला बाई नाही म्हणून लोक मुलींना पाठवत नाहीत. शिकवू शकेल अशी मी एकटी. तेव्हा मला पाठवलंच पाहिजे. तर्क कसा, ठणठणीत! थोरले काका हसून बाबांना म्हणाले, पोरीनं तुझी बोलतीच बंद केली की. झालं. बाबांचा चेहरा पडला. "नाही म्हणजे नाही," म्हणाले आणि उठून गेले.

रडून रडून डोळे सुजले. मग कळलं, मुद्द्यांत काही खोट नव्हती. पण चारचौघांत बापाला हरवायचं आणि परवानगीही त्याच्याकडेच मागायची, ही कुठली अक्कल?

सकाळी बाबा मळ्यात टोमॅटो तोडत होते. मी टोपली धरली. तेच मुद्दे पुन्हा काढले, पण विचारत विचारत. मुली का येत नाहीत हो? बाई मिळाली तर येतील? बाबा उत्तरं देत गेले. शेवटचं 'मला पाठवा' तेवढं मी गिळलं. जीव नुसता टांगणीला. बाबा एवढंच म्हणाले, टोपली उचल.

दुपारी विसर्जनाला नदीवर गेलो. मूर्ती सोडून बाबा ओलेत्यानेच वर आले आणि काकांना म्हणाले, "पोरीला बो बासेंला धाडतंय मी. बाई असल्याबिगर मुली शिकायच्या नाय." काकांनी शंका काढल्या, बाबांनी एकेक खोडल्या, माझेच मुद्दे, माझ्याच क्रमानं.

हुश्श! काका माझ्याकडे वळले. "बघ बाय, तुझा बाप कसा विचार करतो. शिक जरा."

"हो काका," म्हटलं. उत्तर तोंडात असूनही गप्प बसण्याची ती माझी पहिलीच खेप.