रेडिओने वाचलेला शेवट

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे रेडिओ म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळी, विधवा बाई, पण आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गल्लीतला न्हावीसुद्धा कात्री थांबवून ऐकायचा. तिचं खरं नाव हजेरीच्या वेळी तेवढं ऐकू येई, आणि तेव्हा ती स्वतःच दचकायची.

छापखान्यातून कारखान्यात मोठाले ताव यायचे. एका तावाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होत, त्याला फर्मा म्हणायचं. लांब टेबलाभोवती बसून बायका दिवसभर हाडाच्या पट्टीने घड्या दाबत. पलीकडे शिलाई चाले, आणि कोपऱ्यात खळीची बादली घेऊन एक जण पुठ्ठे चिकटवायचा. त्याला खळबापू म्हणत. हात गुंतलेले आणि तोंडं रिकामी, म्हणजे भांडणाला आमंत्रणच. म्हणून कुण्या जुन्या मुकादमाने पद्धत पाडली होती की एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी तिच्या वाट्याच्या घड्या घालायच्या. वाचायला खराब छपाईचे, रद्दीत जाणारे ताव. जे छापायला येईल ते ऐकायचं, निवडीची सोय नाही. एकदा आठवडाभर नळदुरुस्तीचं पुस्तक चाललं होतं, तर बायकांनी त्यातही दोन तट पाडले.

रेडिओचा एक नियम होता. कागदावर आहे तेच वाचायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. छापणाऱ्याने चूक केली असेल तर ती चूकही वाचायची. त्यामुळे तिच्या तोंडून आलेलं म्हणजे छापील, यावर कारखान्यात कोणाचं दुमत नव्हतं.

त्याच टेबलाशी तिची धाकटी जाऊ बसायची. दोघी एकाच घरात राहत, एकाच ओट्यावर स्वयंपाक करत, एकाच बसने कामाला येत. धाकटीच्या घड्या सरळ, बोलणं त्याहून सरळ आणि स्वभाव एक घाव दोन तुकडे. तिची एकुलती एक मुलगी ठरलेलं लग्न मोडून एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली, त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "मेले तरी तिच्या दारात पाय ठेवणार नाही." आणि तेव्हापासून खरंच मुलीचं नाव काढलं नव्हतं. दीर भला माणूस, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. रेडिओला स्वतःचं मूल नव्हतं. ती पोर तिच्याच मांडीवर वाढली होती, तिच्याच शेजारी झोपून गोष्टी ऐकत मोठी झाली होती. त्या घरात पोरीचं नाव न घेता राहणं रेडिओला रोज जड जायचं.

आणि आता निरोप आला होता. ट्रकवाल्याने कोणाकरवी कळवलं, मुलगी पाच तासांवरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात आहे, मूत्रपिंडं गेलीत, डॉक्टर काही बोलत नाहीत. तिचा हट्ट एकच, आईने यावं, दुसरं कोणी आलं नाही तरी चालेल. रेडिओ चपला घालून तयारच झाली होती. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही गेलात तर तिला वाटेल, आई येणार नाही म्हणून तुम्हाला धाडलं. तिच्या आईलाच तयार करा." बोलणं खरं होतं. पण धाकटी ऐकून न ऐकल्यासारखी भांडी घासत राहिली.

नेमक्या त्याच दिवसांत कारखान्यात देशोदेशींच्या गाजलेल्या गोष्टींचं पुस्तक आलं. त्यात एक गोष्ट होती, कुठल्याशा दूरच्या देशाच्या दक्षिणेकडची, शंभरेक वर्षं जुनी. तिकडे म्हणे ती शाळेत शिकवतात. कापसाचा मुलूख, रणरणतं ऊन, लाल धूळ. एका तिरसट म्हाताऱ्याने मुलाला चाबकाने मारून घराबाहेर काढलेलं असतं. मग कळतं, मुलगा दूरच्या गावात खानावळीच्या माडीवर तापाने पडलाय. म्हातारा खेचराची गाडी जुंपून निघतो, पण ताठा काही जात नाही. आपण धावत आलो असं मुलाला वाटता कामा नये! म्हणून जागोजागी थांबतो. कोणाच्या ओसरीवर पाणी पितो, कोणाशी कापसाच्या भावावरून हुज्जत घालतो, आणि प्रत्येकाला सांगतो, "घाई कसली? पोरगा तरणा आहे."

रेडिओ वाचू लागली आणि टेबल पेटलं.

"अरे मेल्या, उतर त्या गाडीवरून आणि पळ!" शिलाईवरची आजी सुई हवेत नाचवत ओरडली. तिला दातही नव्हते आणि धीरही.

नुकतंच लग्न झालेली एक मुलगी होती, तिला सगळे नवी नवरी म्हणत. ती म्हणाली, "पोचेल हो आजी. बाप आहे शेवटी."

"नाही पोचणार," खळबापू ब्रश बादलीत आपटत म्हणाला. "असली माणसं मी पाहिलीत. माझा बाप असलाच होता. लावता पैज? हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा."

"चहा तुमच्याच गळ्यात पडणार, बापू!"

हशा पिकला. रेडिओ मात्र वाचता वाचता डोळ्याच्या कडेने धाकटीकडे बघत होती. धाकटी हसली नाही, चिडली नाही. पण तिच्या पुढ्यातल्या घड्या तिरक्या पडल्या होत्या, कडा कडांना मिळत नव्हत्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ऐकतेय, रेडिओच्या मनात आलं. अगदी आतून ऐकतेय.

म्हातारा खानावळीचा जिना चढला. दारासमोर उभा राहून टोपी काढली, धूळ झटकली, कडी वाजवली. तिथे फर्मा संपला. पुढचा फर्मा आलाच नव्हता, छापखान्यातलं यंत्र बंद पडलं होतं.

"म्हणजे? आता काय उद्यापर्यंत दारात उभं राहायचं?" आजी खवळली.

तेवढ्यात धाकटीने मान वर केली. वाचन चालू असताना ती कधी एक अक्षर बोलत नसे. तिने विचारलं, "जाऊबाई, भेटतो का हो त्याला?"

तो आवाज ऐकून रेडिओने समोरच्या रद्दीतला एक चुरगळलेला ताव उचलला, सरळ केला, म्हणाली, "थांबा, इथे आहे वाटतं पुढचं." तो ताव नळदुरुस्तीचा होता. त्याच्यावर नजर ठेवून, त्याच खणखणीत आवाजात, ती आयुष्यात पहिल्यांदा न छापलेलं वाचू लागली. दार उघडलं. मुलगा उशाला टेकून बसला होता. वाळला होता, पण शुद्धीवर होता. "बाबा, केवढी धूळ लागलीय तुम्हाला," असं म्हणाला. म्हातारा पलंगाच्या काठावर बसला, मुलाचा हात हातात घेतला आणि उजाडेपर्यंत सोडला नाही.

नव्या नवरीने डोळे पुसले. आजी म्हणाली, "सुटला बाई एकदाचा." खळबापूने बादलीला लाथ मारली आणि चहा सांगायला गेला. धाकटी पदर तोंडाला लावून रडत होती, आणि रेडिओला वाटलं, जमलं. देवा, जमलं!

संध्याकाळी घरी गेल्यावर धाकटीने खरोखरच पिशवी काढली. दोन साड्या, मुलीचा जुना स्वेटर, वाटेत खायला काहीबाही. दीर तर दारामागे जाऊन रडून आला. रेडिओ म्हणाली, "रात्रीची बस आहे. मी येते स्टँडवर."

"आज नको, रविवारी जाते," धाकटी शांतपणे म्हणाली. तिचा चेहरा किती वर्षांनी सैल झाला होता. "ही ऑर्डर निघू दे, खाडा नको. तिला आवडतात ते लाडूही करून नेते. रिकाम्या हाताने काय जायचं? आणि तो म्हातारा नाही का, ठिकठिकाणी बसत, गप्पा मारत गेला. तरी गाठ पडलीच ना?"

"अगं, ती गोष्ट आहे."

"तुम्हीच तर वाचलीत."

रेडिओने स्टँडवर जायला काढलेल्या चपला परत ठेवल्या.

सकाळी राहिलेला फर्मा आला. घड्या घालायच्या निमित्ताने तिने तो बाजूला घेऊन वाचला. खानावळवाली दार उघडते. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली असते, खिडकीत धुतलेला सदरा वाळत असतो. ती विचारते, "तुम्हीच का ते? काल दुपारपर्यंत तो जिन्याकडे कान लावून होता." गोष्ट संपली.

रेडिओला वाटलं, सांगून टाकावं, आत्ता, इथे. पण धाकटीला ती ओळखून होती. खोटं बोलून मला पाठवायला निघालात, असं म्हणेल, पिशवी रिकामी करेल आणि मग कायमचीच जायची नाही. रविवारला तीनच दिवस उरले होते. रेडिओने फर्मा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. बाकीच्यांच्या लेखी गोष्ट संपली होती, घड्या घालताना ते पान कोणी वाचत बसलं नाही. तेवढे तीन दिवस ती धाकटीच्या मागे लागली, आज निघ, उद्या निघ, कामाचं मी बघते. धाकटी हसून म्हणायची, "तुम्हालाच माझ्यापेक्षा घाई."

शनिवारी, लाडू वळत असतानाच, ट्रकवाल्याचा फोन आला. दिराने तो घेतला आणि जमिनीवर बसला.

तिघंही दवाखान्यात गेली. पोरगी पांढऱ्या चादरीखाली होती, इतकी लहान झालेली की रेडिओला ती पुन्हा मांडीवर मावेल असं वाटलं. धाकटीने मुलीचा स्वेटर तिच्या पायांवर घातला, नीट ओढून घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही.

महिना गेला. धाकटी कामावर येऊ लागली, घड्या पहिल्यासारख्या सरळ पडू लागल्या. रेडिओ वाचत होती, पण काय वाचतेय हे तिचं तिला कळत नव्हतं. एके दिवशी दुपारी डबे उघडले असताना खळबापू हातात पुस्तक घेऊन आला. बांधणी बिघडलेली एक प्रत त्याने घरी नेली होती.

"काय गं रेडिओ," तो मोठ्याने म्हणाला, "माझा चहा परत कर! म्हातारा पोचतच नाही. हे बघ, छापलंय इथे. चांगलं फसवलंस सगळ्यांना."

त्या बिचाऱ्याला काय माहीत? टेबलावर सगळ्यांचे घास हातात राहिले. धाकटीने त्याच्या हातातून पुस्तक घेतलं, सावकाश, बोट ठेवून ते शेवटचं पान वाचलं आणि परत दिलं. डबा झाकला. हाडाची पट्टी उचलून पुढच्या तावाला घडी घातली.

घरी आल्यावर ती ओट्याशी भाजी चिरू लागली. रेडिओ दाराला धरून उभी होती. शिव्या खायला ती तयार होती. खरं तर शिव्यांचीच वाट बघत होती.

"हे तुम्ही त्या दिवशी वाचलं असतंत," धाकटी म्हणाली, "तर मी चपलाही न घालता निघाले असते."

"मला वाटलं, तुझं मन वळेल..."

"वळलं की. तुमच्यामुळेच वळलं." तिची सुरी चालूच होती. "माझ्या भल्यासाठी केलंत, ते मला कळतंय जाऊबाई. म्हणून तर तुम्हाला धड शिव्याही देता येत नाहीत. आता मी कुणावर रागवायचं, ते तरी सांगा."

 धाकटीने चिरलेली भाजी पातेल्यात टाकली आणि रोजच्यासारखंच विचारलं, "तुमच्यासाठी तिखट कमी घालू ना?"