उजव्या हाताची खोड

इथे ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला नापास करत नाहीत. ‘नॉट येट’ म्हणतात. अजून नाही, एवढंच. ऐकायला काय गोड वाटतं! पण आपल्या नावापुढे लागलं की त्याचा अर्थ नापासच होतो, आणि माझ्या नावापुढे ते त्रेचाळिसाव्या वर्षी, सासूबाईंच्या देखत लागलं.

डेंटल असिस्टंटच्या कोर्सला मी नाव घातलं ते फॉर्मवरच्या एका चौकोनामुळे. ठाण्याला मी शाळेच्या ऑफिसात आठ वर्षं काम केलं होतं. मग नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे मेलबर्नला आले, टार्निटच्या उपनगरात घर झालं, मुलगी हायस्कूलला गेली, आणि दहा वर्षं प्रत्येक फॉर्मवर ‘ऑक्युपेशन’ असं लिहिलेल्या चौकोनात मी ‘होम ड्यूटीज’ भरत राहिले. एकदा लेकीच्या शाळेचा फॉर्म भरताना ती शेजारून म्हणाली, “मम, जस्ट पुट अ डॅश.” डॅश! माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी कम्युनिटी कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन बसले. दातच का, असं मैत्रिणी विचारायच्या. खरं सांगू का? कोर्सची वेळ लेकीच्या शाळेच्या वेळेत बसत होती. दातांबद्दलचं प्रेमबिम सगळं नंतरचं.

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले, आणि आला करोना. कॉलेजला कुलूप. तेवढ्यात आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईही अडकल्या, कारण विमानंच बंद झाली. त्यांना करोनाची भीती फारशी नव्हती. आंब्याच्या सीझनला आपण साताऱ्यात नाही, हे दुःख मोठं होतं. रोज सकाळी त्या मला विचारायच्या, “उघडलं का गं विमान?” जसं काही दुकानच.

आमची शिकवणारी बाई म्हणजे तीस वर्षं डेंटिस्टच्या खुर्चीशेजारी काढलेली, खळखळून हसणारी ऑस्ट्रेलियन. सगळ्यांना ‘डार्ल’, म्हणजे डार्लिंग, म्हणायची. तिने झूमवर सांगितलं, घरातच क्लिनिक मांडा, घरातलं माणूस पेशंट करा आणि व्हिडिओ पाठवा. झालं! नवऱ्याची मागे रेलायची खुर्ची मी गराजमध्ये ओढत नेली. पेशंट म्हणून लेकीला विचारलं तर ती म्हणाली, “नो वे.” मग राहिल्या सासूबाई. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. पण नमुन्यादाखल दात मोजायचे आहेत म्हटल्यावर लगेच तयार झाल्या, कारण एकाहत्तराव्या वर्षीही सगळे दात स्वतःचे, हे जगाला सांगायची त्यांना भारी हौस. डेंटिस्ट झाला नवरा. दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत तो गळ्यात हेडफोन अडकवून यायचा, आईच्या तोंडात वाकून बघायचा आणि “ओके, नेक्स्ट” म्हणायचा. आरसा म्हणून चहाचा चमचा. तोंडातलं पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या नळीऐवजी बबल टीचा जाड स्ट्रॉ.

असिस्टंटचं काम काय, तर डेंटिस्टने मान वर न करता हात पुढे केला की त्याला हवं ते हत्यार त्याच्या बोटांत ठेवायचं आणि वापरलेलं काढून घ्यायचं. ती बसते पेशंटच्या डाव्या बाजूला. उजव्या हातात सक्शन, ते तोंडातून हलवायचंच नाही. आणि द्यायचं-घ्यायचं सगळं डाव्या हाताने. डाव्या! हे मी वहीत व्यवस्थित लिहून घेतलं होतं. दोनदा अधोरेखितही केलं होतं.

व्हिडिओ पाठवला. माझ्या मते फर्स्ट क्लास झाला होता. चार दिवसांनी उत्तर आलं, नॉट येट. खाली बाईंचा शेरा होता की नीटनेटकेपणा छान, हसू छान, हात चुकीचा. मी म्हटलं, काहीतरीच काय! मग व्हिडिओ लावून बघितला. त्यात नवरा म्हणतो “मिरर”, आणि मी काय करते, तर उजव्या हातातला स्ट्रॉ सासूबाईंच्या छातीवर ठेवते, चमचा उजव्या हातात घेते आणि देते. बरं, नुसती देत नाही, डावा हात उजव्या कोपराला लावून देते. सत्यनारायणाचं तीर्थ द्यावं तसं. एकदा नाही, अकरा वेळा. आणि मला त्याचा पत्ताही नाही.

पुढच्या झूमला बाईंनी सगळ्यांसमोर तो व्हिडिओ लावला आणि अगदी प्रेमाने विचारलं, “व्हॉट्स द एल्बो थिंग, डार्ल?” आता काय सांगू कप्पाळ? आमच्यात मोठ्यांना काही देताना असं कोपराला हात लावून देतात, आणि डाव्या हाताने तर कुणालाच काही देत नाहीत, तो अपमान असतो, असं मी माझ्या इंग्रजीत समजावलं. बाई म्हणाल्या, “दॅट्स लव्हली.” मग थांबून म्हणाल्या की तेवढ्या वेळात तुझा पेशंट स्वतःच्याच थुंकीत बुडाला.

हसले मी पण. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी पुढचं सांगितलं. लॉकडाऊन उठलं की कॉलेजमध्ये प्रॅक्टिकलचा एकच दिवस मिळणार होता. त्या दिवशी जे पास होतील त्यांनाच क्लिनिकमध्ये प्लेसमेंट, म्हणजे उमेदवारी, कारण करोनामुळे क्लिनिकवाले मोजक्याच मुली घेत होते. दुसऱ्यांदा नॉट येट आलं तर थेट पुढच्या वर्षीची बॅच. पुढच्या वर्षी मी परत उभी राहीन, हे मला स्वतःचं स्वतःला पटेना. माझा स्वभाव मला माहीत. मी चिडून सोडून दिलं असतं आणि मरेपर्यंत चौकोनात डॅश भरत बसले असते.

म्हणून मी घरात सगळं डाव्या हाताने द्यायला सुरुवात केली. लेकीला मोबाईल डाव्या हाताने, नवऱ्याला चहा डाव्या हाताने. त्या दोघांना काही कळलंही नाही. कळलं ते जेवणाच्या टेबलावर. मी सासूबाईंच्या ताटात डाव्या हाताने पोळी वाढायला गेले आणि त्यांनी ताट मागे ओढलं.

“हे काय? डाव्या हाताने?”

“आई, प्रॅक्टिस आहे.”

“भिकाऱ्यालासुद्धा असं देत नाहीत. अन्न आहे ते. उजव्या हाताने दे.”

नवरा एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायला लागला. तो गुण त्याचा जुनाच. इथे मात्र माझा पारा चढला. लॉकडाऊनचे सगळे दिवस, चार माणसांचं तीन वेळचं खाणं, झूम, सॅनिटायझर, सगळं एकदम वर आलं. “मग मी पास कशी होऊ? सांगा ना! लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हीच मला टोकताय, उजवा, उजवा! तुमच्यामुळेच तो हात आपोआप पुढे येतो!” पोळी तशीच हातात धरून मी रडायला लागले. त्या स्वतःच उठल्या आणि डब्यातली दुसरी पोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी गराजमध्ये मी चमचे मांडत होते, नवरा एक चमचा हातात घेऊन उभा होता. सासूबाई आल्या, हातात त्यांच्या परकराची जुनी नाडी. म्हणाल्या, “हात दे. उजवा.” मला वाटलं दृष्टबिष्ट काढतायत. त्यांनी माझ्या मनगटाला नाडी गुंडाळली आणि दुसरं टोक खुर्चीच्या हाताला बांधलं. स्ट्रॉ त्यांच्या तोंडात पोचेल इतकीच ढील ठेवली, वर गाठ ओढून बघितली. फार सराईत गाठ होती ती.

“हे कुठे शिकलात?” मी चेष्टेत विचारलं.

“माझा डावा बांधायचे,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “मी डावरी होते ना. जेवताना वडील कमरेला बांधून ठेवायचे, शाळेत गुरुजी बाकाला. दुसरीपर्यंत. मग सुटली सवय.” आणि त्यांनी तोंड उघडलं, म्हणजे आता आणखी काही विचारू नकोस.

सोळा वर्षं मी या बाईच्या हातचं खातेय आणि मला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. तो चमचा हातात धरून तसाच उभा राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा “ओके, नेक्स्ट” म्हणायचं विसरला.

त्यानंतर सासूबाई पेशंट राहिल्या नाहीत, मास्तरीण झाल्या. तोंडात स्ट्रॉ असताना त्यांना बोलता यायचं नाही, तर माझा उजवा हात नुसता हलला तरी “अंऽऽ!” करून ओरडायच्या. वापरलेला चमचा करंगळीत अडकवून घ्यायचा आणि त्याच हाताच्या पुढच्या तीन बोटांनी नवा द्यायचा, हे मला जमता जमत नव्हतं. चमचे धडाधड खाली पडायचे. त्यांनी एकदा स्ट्रॉ काढून सांगितलं, “बोटांनी देऊ नकोस, मनगटाने दे. डाव्याला घाई चालत नाही.” पुस्तकात हे कुठेच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नाडी सोडली. हात जागचा हलला नाही. मीच बघत राहिले त्याच्याकडे.

लॉकडाऊन उठलं आणि प्रॅक्टिकलचा दिवस आला. मी युनिफॉर्म घालून, मास्क लावून, दारात गाडीची किल्ली शोधत होते. सासूबाई वाटीत दहीसाखर घेऊन आल्या. मी मास्क खाली ओढून नेहमीप्रमाणे उजवा तळवा पुढे केला.

“तो नाही,” त्या म्हणाल्या. “परीक्षा कुणाची आहे?”

मी डावा पुढे केला. त्यांनी त्यावर दही घातलं. मी ते चाटलं. डाव्या हाताने आयुष्यात पहिल्यांदा काही खाल्लं, आणि खरं सांगते, आधी अंगावर शहारा आला.

कॉलेजात सगळे मास्क आणि फेसशील्डच्या आत. बाईंचं हसू दिसत नव्हतं, नुसता आवाज. पेशंट म्हणजे रबराचं डोकं, ते तर ‘अंऽऽ’सुद्धा करत नव्हतं. बाईंनी डेंटिस्ट होऊन पहिलं हत्यार मागितलं तेव्हा माझ्या उजव्या खांद्यात कळ आल्यासारखं झालं, इतका तो हात उठायला बघत होता. मी त्याला मनातल्या मनात नाडीने बांधून टाकला. मनगटाने दे, मनगटाने दे. दहा मिनिटांनी बाई म्हणाल्या, “सॅटिस्फॅक्टरी.” म्हणजे इथलं पास. मग हळूच म्हणाल्या, “नो एल्बो, डार्ल.” मी मास्कच्या आत वेड्यासारखी हसत होते. कुणाला दिसलं नाही म्हणून बरं.

घरी आले तर सासूबाई दार उघडून उभ्याच. मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, “हात धू आणि बस.” शिरा तयार होता. म्हणजे सासूबाईंना खात्री होती, किंवा नव्हती म्हणून आधीच गोड करून ठेवलं होतं. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं नसतं.

सगळे टेबलावर बसलो. लेक म्हणाली, “सो यू हॅव अ जॉब नाऊ?” मी म्हटलं, आधी प्लेसमेंट, मग जॉब, आणि यापुढे फॉर्मवरच्या त्या चौकोनात काय भरायचं ते मी ठरवणार. सासूबाईंनी शिऱ्याचं पातेलं आणलं. उजव्या हातात चमचा घेतला, थांबल्या, आणि तो डाव्या हातात घेतला.

“चुकलं तर सांग,” म्हणाल्या.

साठ-पासष्ट वर्षांत त्या डाव्या हाताने कुणाला काही वाढलं नव्हतं. निम्मा शिरा माझ्या ताटात आला, निम्मा टेबलक्लॉथवर. नवरा “आई, अगं...” म्हणायला लागला तसा मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. सासूबाई सांडलेल्या शिऱ्याकडे बघत होत्या, लहान मुलीने बघावं तशा, आता कुणीतरी ओरडणार म्हणून.

मी ताट पुढे केलं.

“आई, आणखी वाढा.”